धोंडूचं पाणी आणि आपले हात

धोंडू म्हणजे आमच्या घरचं कासव. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, दुकानदार 'रेड इअर्ड स्लायडर' म्हणून विकतात ते. लेकाने 2014 साली, कॉलेजात असताना आणलं तेव्हा दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडंच मोठं होतं. आज पाठ मोजली तर 22 सेंटीमीटर भरते. 2019 मध्ये लेक जर्मनीला गेला आणि धोंडू माझ्या गळ्यात पडला. पुढे एका उन्हाळ्यात त्याने टबात चार अंडी घातली, तेव्हा कळलं की ही बाई आहे. नाव मात्र बदललं नाही. आमच्या सदाशिव पेठेत एकदा पडलेलं नाव बदलायची पद्धत नाही.

हे लिहायला बसले ते खालच्या मजल्यामुळे. त्यांनी परवा मुलाच्या वाढदिवसाला असंच एक पिल्लू आणलं, काचेच्या बाऊलमध्ये, प्लॅस्टिकच्या नारळाच्या झाडासकट. बाऊल ठेवला ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी. मुलाची आई म्हणाली, "काकू, वास्तूलाही चांगलं असतं म्हणतात." वास्तूचं मला कळत नाही. जंतूंचं थोडं कळतं. एकतीस वर्षं मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायच्या, प्लेटा लावल्या. आणि तरीही व्हायची ती चूक माझ्याच हातून झाली. ती सांगतेच, पण आधी जंतूची ओळख.

सॅल्मोनेला हा जंतू सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात सुखाने नांदतो. कासव, सरडा, साप, कुणीही घ्या. (नावाचा सामन माशाशी संबंध नाही. डॅनियल सामन नावाच्या अमेरिकन पशुवैद्यावरून ते पडलं.) प्राण्याला त्याचा काही त्रास नसतो. तो खातो, पितो, उन्हाला बसतो आणि शीतून अधूनमधून जंतू सोडत राहतो. 'अधूनमधून' हा शब्द नीट वाचा. आज कासवाच्या शीचं कल्चर लावलं आणि काही उगवलं नाही, तर आज सापडलं नाही एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या आठवड्यात सापडू शकतं. त्याला अँटिबायोटिक पाजून एकदाचं साफ करून टाकू, असंही कोणी कोणी सुचवतात. तो उद्योग करू नका. जंतू जात नाहीत, उलट औषधाला दाद न देणारे उरतात.

टायफॉईडही सॅल्मोनेलाच, हे ऐकलं की लोक दचकतात. पण टायफॉईडचा जो प्रकार आहे तो फक्त माणसात राहतो, कासवाकडून येत नाही. कासवाकडे असतात ते त्याचे चुलतभाऊ: ताप, पोटात कळा, जुलाब. धडधाकट माणूस चार दिवसांत, फार तर आठवड्यात उठून बसतो. तान्हं मूल बसत नाही.

आपल्याकडे दुधात पाल पडली तर पातेलंभर दूध मोरीत ओततात, आणि ते बरोबरच आहे. घरातल्या पालीही हा जंतू बाळगतात. पण तिचीच लांबची बहीण दुकानातून 'लेपर्ड गेको' म्हणून आली की तिला उशीवर बसवून फोटो काढतात.

साप किंवा गेको पाळणाऱ्यांचं एक बरं असतं. शी एका कोपऱ्यात पडते, दिसते, उचलता येते. पाणकासवाचं तसं नाही. धोंडू ज्या पाण्यात पोहते त्यातच खाते आणि त्यातच शी करते. म्हणजे टबातलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी ती पातळ केलेली शी आहे. हे वाचून कसंतरी झालं असेल तर बरंच. पाण्यात बोट बुडवलं की शीला हात लागला; पाठीवरून हात फिरवला तरी तेच. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की बाकीचं आपोआप सुचत जातं.

माझ्या डोक्यात तो बसलेला आहे असा माझा समज होता. 2021 च्या दिवाळीला मुलगी नाशिकहून आली, सात महिन्यांच्या नातीला घेऊन. करोनाचे दिवस, दाराशी सॅनिटायझरची बाटली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर मी फवारा मारत होते. बाळाला गॅलरीत नेऊ दिलं नाही. आणि वसुबारसेच्या दिवशी, पाहुणे यायचे म्हणून टब चकचकीत करताना, फिल्टरचा स्पंज मी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये पिळला. गॅलरीतल्या नळाला पाणी बारीक येत होतं, एवढंच कारण. सिंक नंतर भांड्यांच्या साबणाने घासलंसुद्धा. तासाभराने त्याच सिंकमध्ये, त्याच घासणीने, बाळाच्या बाटल्या आणि मऊ भाताची वाटी धुतली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाळाला ताप आला, रात्री जुलाब, सकाळी लंगोटात रक्ताचा धागा. दोन दिवस सलाईन. रिपोर्टवर सॅल्मोनेला, टायफॉईडचा नव्हे. ती प्लेट मी पाहिली नाही, पण डोळ्यांपुढे आली: लालसर ठिपके आणि प्रत्येकाच्या मधोमध काळा डोळा. तसे शेकडो मी नोंदवहीत लिहिले होते, सगळे दुसऱ्यांच्या घरचे.

धोंडूचं कल्चर आम्ही लावलं नाही, त्यामुळे तिनेच दिलं असं मी शपथेवर सांगणार नाही. हा जंतू अंड्यातून येतो, कोंबडीतूनही येतो. पण तो स्पंज आठवला की दुसऱ्या कुणावर ढकलावंसं वाटत नाही. बाळाने कासव पाहिलंसुद्धा नव्हतं. म्हणून खालच्या मजल्याला मी 'कासवाला हात लावू नका' असं सांगत बसले नाही. लावा. त्यानंतर हात कुठे कुठे जातो आणि पाणी कुठे जातं, तेवढ्यावर डोळा ठेवा.

जागा आणि सामान

टब स्वयंपाकघरात नको, जेवणाच्या टेबलाजवळ नको, पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर नको. आमचा गॅलरीत आहे, अर्धा उन्हात आणि अर्धा सावलीत. फरशीवर कासवाला फिरायला सोडायची हौस अनेकांना असते. घरात रांगणारं मूल असेल तर ती हौस विसरा.

कासवाचं सामान वेगळं हवं आणि ते वेगळं आहे हे अंधारातही कळायला हवं. मी बोहरी आळीतून एक बादली, मग, ब्रश आणि घमेलं असं सगळं लाल रंगाचं आणलं. आमच्या घरात लाल प्लॅस्टिक म्हणजे धोंडूचं, दुसऱ्या कशालाही लाल नाही. कामाला येणाऱ्या मावशींना हे पहिल्या दिवशीच सांगितलं, आणि हेही सांगितलं की टबाचं काम त्यांचं नाही. आपल्या हौसेची शी दुसऱ्याच्या हाताला का? खाद्याचा डबाही गॅलरीतच राहतो. लेकाचा कोथरूडचा एक मित्र साप पाळतो, त्याच्या फ्रीझरमध्ये गोठवलेले उंदीर मटारच्या पिशवीला लागून असायचे. गोठवल्याने सॅल्मोनेला मरत नाही, नुसता थांबून राहतो. त्याला घट्ट झाकणाचा वेगळा डबा करायला लावला. खरं तर फ्रीझरच वेगळा हवा, पण तो म्हणाला, "काकू, आईने साप चालवून घेतलाय तेवढं पुष्कळ आहे."

पाणी

टबातलं पाणी कमोडमध्ये जातं. सिंकमध्ये नाही, बेसिनमध्ये नाही, बाळाला आंघोळ घालायच्या मोरीत नाही. बादली कमोडच्या कडेला टेकवून हळू ओतायची. उंचावरून ओतलं तर शिंतोडे तोंडावर येतात. झाडांना घालू नका, विशेषतः कढीपत्ता, पुदिना, तुळस यांना. "मग जास्वंदीला?" असं मला विचारलं गेलं. जास्वंदीलाही नको. फूल तोडणारा हात तोच आणि नैवेद्याचं ताट उचलणाराही तोच.

टबातून पाणी काढायला नळी वापरत असाल तर ती तोंडाने ओढू नका. आमचा लेक ओढायचा आणि वर हसायचा. नळी आधी स्वच्छ पाण्याने भरून, टोकावर अंगठा दाबून खाली सोडली की पाणी आपसूक वाहतं. फिल्टरचा स्पंज लाल बादलीत, टबातून काढलेल्याच पाण्यात पिळायचा आणि ते पाणी कमोडमध्ये. त्याला नळाखाली धरून साबण लावू नका. पाणी स्वच्छ ठेवणारे उपयोगी जीवाणू त्यात वाढलेले असतात, ते जातात.

आणि पुणेकरांसाठी खास: बुधवारी रात्री आणि गुरुवारी टबाला हात लावू नका. पाणी बंद असण्याचा वार बहुतेक वेळा गुरुवारच निघतो, आणि टब घासून झाल्यावर नळ कोरडा लागणं म्हणजे काय ते मी अनुभवलं आहे. कोपरांनी दार उघडत, हात वर धरून मी शेजारी गेले होते. तेव्हापासून गॅलरीत खाली तोटी असलेली भरलेली टाकी ठेवते.

हात

याच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण हात धुणं येतंच असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटायचं.

घरच्या घरी एक परीक्षा घेऊन पाहा. चमचाभर हळद पाण्यात कालवून दोन्ही हातांना, मागून-पुढून, नखांपर्यंत चोळा. वाळू द्या. मग साबणाची साधी वडी घेऊन रोज धुता तसेच हात चोळा, पण पाण्याखाली नेण्याआधी थांबा आणि बघा. हळदीला साबण लागला की ती लाल होते. पांढऱ्या शर्टावरच्या वरणाच्या डागाचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वडीचा साबण क्षारधर्मी असतो म्हणून असं होतं. बाटलीतल्या हँडवॉशने रंग बदलेलच असं नाही. तर हाताचा जो भाग लाल झाला तिथे साबण पोचला. जो पिवळा राहिला तिथे तुम्ही बहुधा कधीच पोचत नाही.

खालच्या चिरंजीवांना, वय नऊ, हे करायला लावलं. तळवे लालभडक. पण दोन्ही अंगठे पिवळेधमक, जणू ते त्याचे नव्हेतच. बोटांच्या बेचक्यांत पिवळ्या रेघा, नखांच्या कडा पिवळ्या, उजव्या हाताची मागची बाजू अर्धी कोरडी. त्याच्या आईच्या अंगठीखाली गोल पिवळी पट्टी निघाली. माझी पिवळी निघाली ती नखांच्या आत. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर!

तेव्हा अंगठ्या काढून ठेवायच्या, बांगड्या कोपराकडे सरकवायच्या. हात ओले करून साबण लावायचा. तळव्यावर तळवा, मग प्रत्येक हाताची मागची बाजू, मग बोटांत बोटं अडकवून बेचकी. अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून रवी फिरवतो तसा फिरवायचा. बोटांची टोकं दुसऱ्या तळव्यावर घासायची म्हणजे फेस नखांत शिरतो. शेवटी मनगटं. हे सगळं निदान 20 सेकंद चाललं पाहिजे. घड्याळ बघू नका, एकोणीसचा पाढा म्हणा. न अडखळता, न घाई करता म्हटला तर साधारण तेवढाच वेळ लागतो. अडखळलात तर हात जास्त स्वच्छ होतील.

साबण जंतुनाशक असायची गरज नाही, साधा पुरतो. चोळणं आणि वाहतं पाणी, खरं काम ते दोघं करतात. वडी मात्र कासवाच्या नळापाशी वेगळी ठेवा, आणि चिखलात लोळत पडलेली नको. सॅनिटायझर मातकट, बुळबुळीत हातावर नीट चालत नाही. बाहेर असाल आणि पाणी नसेल तर वापरा, पण घरी आलात की हात धुवाच. हातमोजे घालणार असाल तर जरूर घाला, मी घालते. पण काढताना हात बरबटतातच, म्हणून नंतर धुणं टळत नाही.

पुसायचे कशाला? वेगळ्या पंचाला, जो रोज धुवायला पडतो. पदराला, ओढणीला, गाऊनला नाही. पदराला हात पुसणं आपल्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की नवरा शेजारी उभा राहून सांगेपर्यंत मला ते कळलं नव्हतं.

आता नळ. घाण हाताने नळ उघडला, हात स्वच्छ धुतले आणि त्याच चावीला धरून बंद केला, तर धुतलं काय? प्रयोगशाळेत आमच्याकडे लांब दांड्याचे नळ होते, कोपराने उघडायचे. दिवाळीनंतर गॅलरीत तसाच एक बसवून घेतला. प्लंबर म्हणाला, "काकू, दवाखाना काढताय का?" म्हटलं, आहेच. एवढा खर्च नको असेल तर हातांना साबण लावला की नळाच्या चावीलाही फेस लावा आणि हातांबरोबर तिच्यावरही पाणी सोडा. दाराची कडी आणि मोबाइल तेवढे विसरू नका. कासवाचे फोटो काढणारा हात बहुतेकदा ओलाच असतो.

टब घासायचा दिवस

मी आठवड्यातून दोनदा निम्मं पाणी बदलते आणि महिन्यातून दोनदा टब रिकामा करून घासते. धोंडू तेवढा वेळ घमेल्यात. आधी साबण आणि ब्रश लावून शेवाळ, चिकटा सगळं काढायचं, मगच ब्लीच. घाण शिल्लक असेल तर ब्लीचची ताकद तिच्यावरच खर्च होते. कपड्यांसाठी बाटलीत मिळणारं साधं ब्लीच, म्हणजे चार-पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट, लिटरभर गार पाण्यात 30 मिलिलिटर. दहा मिनिटं टब ओला राहिला पाहिजे. मग वास जाईपर्यंत धुवायचा आणि उन्हात खडखडीत वाळवायचा. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा पंख्याखाली रात्रभर.

संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. दोन्हींनी दुप्पट स्वच्छ होत नाही, क्लोरिन वायू निघतो आणि बंद मोरीत माणसाचा श्वास कोंडतो. ब्लीचचं पाणी कमोडमध्ये ओतणार असाल तर तिथे आधी ॲसिड टाकलेलं नाही ना, हे बघा. फिनेल कासवाच्या आसपासही नको, ते त्याला विषारी आहे.

कोणी लांब राहायचं

पाच वर्षांखालची मुलं, पासष्टच्या पुढची माणसं, गरोदर बाई, कॅन्सरचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेला कुणीही. तान्हं बाळ यायचं असेल तर कासव आधीच दुसऱ्या घरी हलवलेलं उत्तम. हो, मी स्वतः 67 वर्षांची आहे. नियम मला कळतो. म्हणूनच हातमोजे, आणि म्हणूनच टबाचं जड काम आता भाचा रविवारी येऊन करतो.

पापे घेणं कोणत्याही वयात नको. अमेरिकेत 1975 पासून चार इंचांपेक्षा, म्हणजे साधारण 10 सेंटीमीटरपेक्षा लहान पाठीची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, ती याच जंतूमुळे. एवढंसं कासव लहान मुलाच्या तोंडात सहज जातं. खालच्या मजल्यावरच्या बाऊलमधलं पिल्लू 4 सेंटीमीटर आहे.

घरात कुणाला जुलाब, ताप, पोटात कळा सुरू झाल्या तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा: घरात कासव आहे. विचारलं नाही तरी सांगा. लागण झाल्यापासून सहा तासांत ते सहा दिवसांत कधीही त्रास सुरू होऊ शकतो, त्यामुळे "आज तर हात लावला नव्हता" याला अर्थ नाही. ओआरएस लगेच सुरू करा. ड्रॉवरमधलं मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक मात्र नको. तान्ह्या बाळाची लघवी कमी झाली, ते मलूल झालं किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

आणि हे सगळं वाचून कासव नकोसं झालं, तर ते मुठेत, पाषाण तलावात किंवा सारसबागेच्या तळ्यात सोडून येऊ नका. हे मूळचं अमेरिकेचं, इथल्या कासवांच्या तोंडचा घास काढून घेतं. नीट सांभाळणारं घर शोधा. पाठीवर चांदण्या असलेलं देशी कासव कुणी विकायला आणलं तर घेऊच नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

खालच्यांचा बाऊल ओट्यावरून गॅलरीत गेला. आता मोठा टब घ्या म्हणून मागे लागले आहे.

नात येत्या एप्रिलमध्ये पाच वर्षांची होईल. गॅलरीच्या जाळीच्या दारामागे उभी राहून ती धोंडूशी गप्पा मारते, आणि हात कधी लावायचा हे दर सुट्टीत विचारते. मी सांगितलंय, आधी हळदीची परीक्षा. एकोणीसचा पाढा तिला कुठला येणार, ती बेचाच दोनदा म्हणते. गेल्या खेपेला तळवे लाल, बेचकी लाल, नखंसुद्धा लाल. डावा अंगठा पिवळा राहिला. तिने तो बराच वेळ निरखला आणि मुठीत लपवला.